छाणीचा मेळावा

बडोदे,
२८ एप्रिल २०२४

ती. निरुपमाआत्यास मैथिलीचा शि. सा. न. आणि आपला नेहमीचा अल्लाह-उ-अब्हा.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि रसिकाताई निरोप सांगताना निम्मा गाळते, म्हणून कागदावर लिहिते आहे. बातमी अशी की मी आपल्या बडोद्याच्या सभेवर निवडून आले. तू सांगलीला लेकीकडे गेल्यापासून आपल्या घरातलं कुणी त्या नऊ जणांत नव्हतं. लग्न झालं तरी आनंद काही बहाई झाला नाही, त्यामुळे त्याला पुन्हा सगळं समजावून सांगावं लागलं. आमच्यात पुजारी नाही, पुढारी नाही. रिझवानच्या सणात सगळे प्रौढ जमतात, प्रार्थना करतात, आपापल्या मनातली नऊ नावं चिठ्ठीवर लिहितात, आणि ज्यांना जास्त मतं पडतात ते वर्षभर गावातल्या बहाईंचं कामकाज पाहतात. कुणी उभं राहत नाही, कुणी मत मागत नाही. तो म्हणाला की आपल्या सोसायटीत असं केलं तर पाण्याच्या टाकीवरून होणारी भांडणं तरी मिटतील.

विश्वंभरकाका पुन्हा अध्यक्ष झाले आणि मला चिटणीस केलं. लहानपणी ज्यांनी माझ्याकडून प्रार्थना पाठ करून घेतल्या, त्यांच्या शेजारी बसायचं म्हणून मी नवी साडी नेसून गेले होते. पण पहिलीच बैठक मनासारखी झाली नाही. छाणीला आता आपली बरीच कुटुंबं आहेत, बहुतेक तिथल्या वर्कशॉपमध्ये कामाला. आपला दर एकोणीस दिवसांनी भरणारा मेळावा सयाजीगंजच्या हॉलमध्ये असतो. मुलांना घेऊन, रिक्षा बदलत तिथवर येणं त्यांना जमत नाही, म्हणून मी सुचवलं की छाणीत त्यांचा मेळावा भरवू. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की हे शांतिथी, म्हणजे सावकाश, पाहू. उत्कर्षभाई म्हणाले की आजवर सगळे एकाच ठिकाणी जमत आलेत, मग आता काय अडलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाहेर पडताना मला कळलं की सभेत शांतिथी म्हणजे कधीच नाही.

नवं काही ऐकूनच घ्यायचं नसेल तर तिथे बसून मी काय करू? राजीनामा द्यावा असं मनात येतं आहे. तुझं काय म्हणणं ते कळव. माझ्यावर जीव आहेच तुझा, तो कमी करू नकोस.

तुझी,
मैथिली

*

सांगली,
१० मे २०२४

चि. सौ. मैथिलीस निरुपमाआत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हरखले आणि रसिकाला शिरा करायला लावला. तुझे बाबा असते तर पाणीगेटपासून स्टेशनपर्यंत सांगत सुटले असते.

आता कान उपटते. सभेत कोण काय बोललं हे मला लिहायचं नाही. खोलीत बोललेलं खोलीत राहतं, म्हणून तर माणसं तिथे मोकळेपणी बोलतात. चिटणीसबाईंनीच हे विसरावं म्हणजे कमाल झाली. आणि आपलं ऐकलं नाही म्हणून राजीनामा देत नाहीत. लोकांनी तुला निवडलं ते तुझं ऐकलं जावं म्हणून नव्हे, तू त्यांचं ऐकावंस म्हणून.

विश्वंभर हट्टी आहे, ते मी नाकारत नाही. पण तुला ठाऊक नाही असं एक सांगते. तू शाळेतही जात नव्हतीस तेव्हा आम्ही मेळाव्याचे दोन भाग केले होते, एक पाणीगेटकडे, एक स्टेशनच्या बाजूला. सोय म्हणूनच केले. वर्षभरात एकीकडे मराठी घरं उरली आणि दुसरीकडे गुजराती. एका लग्नाचं आमंत्रण अर्ध्या लोकांना गेलंच नाही. माणसामाणसांत भेद नाही असं शिकवणारे आम्ही, आणि आमच्यातच दोन चुली झाल्या. विश्वंभर आणि त्याची बायको मंदा सायकलवरून घरोघरी फिरले, लोकांची बोलणी खाल्ली, आणि पुन्हा सगळ्यांना एका सतरंजीवर बसवलं. त्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे वेगळा मेळावा म्हटलं की त्याला धडकी भरते.

तुझी सूचना मला बरोबर वाटते. ती पुन्हा मांड, पण गोडीने मांड. आणि निर्णय विरुद्ध गेला तर तो आपलाच समजून पार पाड. अर्ध्या मनाने केलंस तर निर्णय चुकला की तू बिघडवलंस, हे कुणालाच कळणार नाही.

आनंदरावांना आशीर्वाद सांग. मला विसरू नकोस, आणि जेवणाच्या वेळा सांभाळ.

तुझी,
निरुपमाआत्या

*

बडोदे,
२२ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास मैथिलीचा शि. सा. न.

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावली असशील. आत काय झालं ते लिहीत नाही, बाहेर काय झालं ते लिहिते.

सभेचा निर्णय असा झाला की मेळावा सयाजीगंजलाच व्हावा आणि छाणीच्या लोकांसाठी गाडी ठरवावी. खरं सांगते, तो निर्णय सगळ्यांना कळवणं माझ्या जिवावर आलं होतं. पण तुझं पत्र पर्समध्ये होतं. अनुज शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो, ती ठरवली. दर वेळी मी स्वतः छाणीला जायचे, सगळ्यांना बसवायचे, गाडीत मुलांना गाणी शिकवायचे. हॉलमध्ये पोचल्यावर आधी त्यांना खायला द्यायचे, मग प्रार्थना. लोक येऊ लागले. काकांना फार बरं वाटलं आणि मलाही वाटलं, की कदाचित तेच बरोबर असतील.

तिकडे कौमुदी म्हणून एक मुलगी आहे, माझ्याहून लहान, पदरात दोन मुली. नवरा पाळीत काम करतो, सासरे पिलाजीराव गुडघ्यांनी बेजार. तरी ती कधी चुकली नाही. गेल्या महिन्यात मला ताप होता, म्हणून लोकांना परत सोडायला काका स्वतः व्हॅनमध्ये बसले. रस्ता खणलेला, गाडी अडकून पडली. धाकटीला ओकारी झाली, ती काकांच्याच सदऱ्यावर. पिलाजीरावांना उतरताना पाय टेकवेना. घरी पोचल्यावर कौमुदीने काकांना चहा दिला, तशीच कणीक मळायला बसली, कारण नवऱ्याची कामावर जायची वेळ झाली होती. काकांनी तिला विचारलं की इतका त्रास होतो तर आजवर बोलली का नाहीस. ती म्हणाली की मैथिलीबेन इतक्या प्रेमाने न्यायला येतात, त्यांना नाही कसं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला, की छाणीचा विषय पुढच्या बैठकीत घे.

आत्या, आता छाणीचा मेळावा कौमुदीच्या अंगणात भरतो. सभेतले दोघं दोघं पाळीपाळीने तिकडे जातात आणि सणांना सगळे मिळून सयाजीगंजला जमतात, म्हणजे पूर्वीसारख्या दोन चुली व्हायला नकोत. पहिल्या मेळाव्याला शेजारच्या गुजराती बायका दारातून डोकावत होत्या. मंदाकाकूंनी त्यांना हाताला धरून आत आणलं.

तू मला राजीनामा देऊ दिला नाहीस, त्याबद्दल तुझे किती उपकार मानू? प्रकृतीला जप, आणि असंच रागावत जा.

तुझी,
मैथिली

*

बडोदे,
१० जून २०२५

निरुपमाबेन यांस विश्वंभरचा स. न. वि. वि.

आम्ही दोघं मजेत आहोत. यंदाच्या निवडणुकीची बातमी मैथिलीने तुम्हाला कळवली नसणार, तिला ते जड गेलं असतं. म्हणून मीच कळवतो. नऊ जणांत यंदा माझं नाव नाही. नावं वाचून झाल्यावर हॉलमध्ये सगळे माझ्याकडे चोरून पाहत होते. मंदा तेवढी उघड पाहत होती. घरी येताना म्हणाली की आता संध्याकाळी मला भाजी निवडायला माणूस मिळाला.

दुसऱ्या दिवशी मैथिली आली. माझी समजूत घालायला आली होती, पण स्वतःच रडू लागली, आणि मलाच तिची समजूत घालावी लागली. मला जे तिला नीट सांगता आलं नाही ते तुम्हाला लिहितो. आम्ही तिच्याविरुद्ध निर्णय घेतला आणि तिने तो असा सांभाळला, जणू तिनेच तो मागून घेतला होता. ती भांडली असती तर मी आजही भांडत असतो. ती भांडली नाही, म्हणून मला माझी चूक दिसू शकली. या वयात अशी चूक दिसणं ही मोठी कृपा आहे. आणि त्या पोरीला वेळेवर चार शब्द सुनावणारी आत्या तुम्ही, हेही मला माहीत आहे. तुमचे आभार मानायचे राहिले होते.

सभेवर यंदा कौमुदी आली आहे. तिच्या बैठकीच्या दिवशी मुलींना कोण सांभाळणार म्हणून मी छाणीला गेलो. हळूहळू आसपासची पोरंही जमली. आता ती पाठांतर करतात आणि मी त्यांच्याकडून पतंगाचे पेच शिकतो. परवा त्यांनी विचारलं की दादा, तुम्ही दर रविवारी येणार का. आयुष्यात पहिल्यांदाच, सभेला न विचारता, मी हो म्हणून बसलो.

मंदाचा नमस्कार. तुमच्या मनात आमच्यासाठी जी जागा आहे ती तशीच असू द्यावी.

आपला,
विश्वंभर