ब्लॉजेटांचे शेत आणि मागचे दार

मी, थर्झा मे ब्लॉजेट, कै. मर्टन ब्लॉजेट यांची पत्नी, राहणार वेस्ट हार्लो, व्हरमाँट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सर्व काही मर्टनला दिले होते, आणि तो माझ्याआधी निघून गेला.

अंमलबजावणी गावचे दप्तर सांभाळणाऱ्या आमच्या टाउन क्लार्क रूथ-ऐन पीसली यांनी करावी. त्यांना माझ्या अ‍ॅपल पायची कृती द्यावी. खूप वर्षे मागत आहेत.

१. माझी शवपेटी समोरच्या दाराने बाहेर न्यावी. आमच्याकडे हे दार नवरीसाठी आणि शवपेटीसाठीच उघडते. एरवी सगळे, पाद्रीसुद्धा, मागच्या दाराने स्वयंपाकघरात येतात. मी नवरी म्हणून समोरून आले, मर्टन समोरून गेला. तो गेल्यावर माझे दीर वेंडेल यांनी दुःखाच्या भरात ते दार रंगवले, आणि चौकटीच्या फटींसकट असे रंगवले की आता ती भिंतच झाली आहे. "वहिनी, असा रंग दिलाय की आता हलायचा नाही," असे ते म्हणाले होते. हललेला नाही. म्हणून उरलेला हिरवा रंग आणि मर्टनची पहार वेंडेल भावोजींना देत आहे. आधी पहार. रंग नंतर.

२. पुस्तके गावच्या ग्रंथालयाला द्यावीत. आठवीनंतर मी शाळा पाहिली नाही. जे शिकले ते हिवाळ्यांत, चुलीजवळ, या पुस्तकांकडून. समासात पेन्सिलीने लिहिलेले खोडू नये. लेखक जिथे चुकला आहे तिथेच मी लिहिले आहे. मेपलच्या झाडांचा रस हिवाळा सरताना निघतो; एका कादंबरीत तो ऐन ऑक्टोबरात काढला आहे. त्या पानावर जरा जास्त लिहिले गेले.

३. घर, गोठा, मेपलची राई आणि कुरण. रस्त्याकडेला माझा मुलगा कर्टिस याने फलक लावला आहे: 'ऐतिहासिक वडिलोपार्जित घर, शेतासह विक्रीस.' विक्रीला माझी हरकत नाही. कर्टिस बोस्टनला विमा कंपनीत आहे, गाईंना घाबरतो, आणि मी त्याच्या गळ्यात गोठा बांधणार नाही. हरकत 'ऐतिहासिक'ला आहे. इतिहास एवढाच, की मर्टनच्या खापरपणजोबांनी ही टेकडी उन्हाळ्यात पाहिली आणि हिवाळ्यात पाहण्याआधीच विकत घेतली.

गेल्या एप्रिलात, बर्फ वितळून चिखल होतो त्या दिवसांत, कर्टिस शहरातले एक जोडपे घेऊन आला. त्यांना गोठ्यात लग्नाचे कार्यालय काढायचे होते. मी पाव मळत होते, आणि समोरच्या दारावर टकटक झाली.

"कोण गेलं?" मी आतून ओरडले.

"आई, मी आहे! कर्टिस!"

"ते कळलं. गेलं कोण?"

"कोणी गेलेलं नाही! दार उघड, पाहुणे आलेत!"

"मग त्यांना घेऊन मागून ये."

घराला वळसा घालताना त्या बाईंचा एक बूट चिखलाने गिळला. शेजारच्या थिबोंची डेलिया, जी माझे कुरण खंडाने करते, ट्रॅक्टरवरून उतरली, तिने बाईंना काखेत धरून उचलले, कुल्ल्याने दार ढकलले आणि त्यांना खुर्चीत बसवले. "काकू, हिला आधी कॉफी द्या. बूट काय, जूनपर्यंत वर येईल."

कॉफी पिता पिता बाई म्हणाल्या, "हे मागचं दार बुजवू या. इथे मोठी खिडकी काय सुंदर दिसेल!"

"दिसेल की," कर्टिस म्हणाला.

ते गेल्यावर मी डेलियाला विचारले, "तुला हवंय का गं हे शेत?"

"हवंय तर! पण त्यांच्याएवढे पैसे मला या जन्मात जमायचे नाहीत."

"ते मी बघते. तू फक्त हो म्हण."

"हो म्हटलं की, काकू. आणखी किती मोठ्यानं म्हणू?"

४. म्हणून असे ठरवते की, गाव कर लावताना या मालमत्तेची जी किंमत धरते त्याच किमतीला ती प्रथम डेलिया थिबो हिला विकावी, आणि आलेली सर्व रक्कम कर्टिसला द्यावी. त्याला ती कमी वाटेल. जे कमी पडेल ती त्या खिडकीची किंमत समजावी.

५. बूट जूनमध्ये वर आला. पायरीवर ठेवला आहे. त्या बाईंना पोचवावा. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही.

६. त्या दिवसातली एकच गोष्ट मला लागली. ज्या दाराने तो लहानपणी ओले मोजे आणि जखमी बेडूक घेऊन धडकत आला, ते सोडून माझा मुलगा समोर उभा राहून दार वाजवत होता. घर विकले जाईल, ते ठीक आहे. पण तो इथे पाहुणा होऊ नये.

सबब विक्रीच्या दस्तात पुढील अट असावी: कर्टिस ब्लॉजेट याला तहहयात मागच्या दाराने, न विचारता, न वाजवता आत येण्याचा हक्क राहील. डेलियाला विचारले आहे. ती म्हणाली, "येऊ दे की. बूट मात्र बाहेर काढायचे." हे रास्त आहे, तेही दस्तात घालावे. या दाराला कुलूप कधीच नव्हते. किल्ली शोधत बसू नये.

कर्टिस, मला समोरून पोचवून झाले की घराला वळसा घाल आणि मागून आत ये. कॉफी ठेवायला मी डेलियाला सांगितले आहे.

सही: थर्झा मे ब्लॉजेट

साक्षीदार, आमच्यासमोर सही केली म्हणून:
हॅरोल्ड किटरेज, टपालवाले
रेव्ह. लायमन कॉलिन्स, पाद्री (मागच्या दाराने आले)

(डेलिया व वेंडेल भावोजी यांना लाभ असल्याने साक्षीला घेतलेले नाही. दोघे पडवीत बसून पहारीवरून वाद घालत आहेत.)

वेस्ट हार्लो, व्हरमाँट
९ ऑक्टोबर १९८७