वेल वर्षातून एकदाच छाटावी

रुम्याना, हे लिहायला उशीर झाला, माफ कर. तुझी आई गेली त्याच वर्षी लिहायला हवे होते. पण दर वेळी काहीतरी पेरायचे राहिलेले असायचे.

मी, वेलिच्को राडुलोव, वय ८१, शिक्षण सातवीपर्यंत, राहणार प्लोव्दिव, चौथा मजला, डोके ठिकाणावर असताना, कुणाच्या दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवतो. अक्षर वाकडे आहे ते वयामुळे.

१. घर मुलगी रुम्याना हिला. विकायचे तर खुशाल विकावे. पण इमारतीला बाहेरून थंडी अडवणारे अस्तर लावणार आहेत आणि एक मेपर्यंत बाल्कन्या रिकाम्या करा, असा कागद आला आहे. माझ्या बाल्कनीत लागवडीचे तेवीस डबे आहेत, चीजचे, पत्र्याचे. त्यांतली माती मी बारा वर्षे भाज्यांच्या सालींवर पोसली आहे. ती कचऱ्यात जाता कामा नये.

२. बियांची पेटीही रुम्यानाला. पाकिटांवर जातींची नावे नाहीत, ती मला येत नाहीत. बी देणाऱ्यांची आहेत. ‘त्सोन्का’ म्हणजे तुझ्या आईच्या माहेरचा गुलाबी टोमॅटो. करपा आला त्या वर्षी सगळ्या इमारतीची विकतची रोपे काळी पडली, कारण सगळी एकाच जातीची. त्सोन्का तगली. तू फोनवर म्हणतेस, “बाबा, बिया दुकानात मिळतात.” ही मिळत नाही. ‘कोल्यो’ हा माझ्या आजोबांचा कांदा. गुडघ्यांमुळे गेली दोन वर्षे मी पेरणी केली नाही. मिरचीचे बी वाट बघते, कांद्याचे बघत नाही. या वसंतात पेरले नाही तर कोल्यो संपला. दुसऱ्या कुणाकडे नाही, मी विचारून आलो.

३. अंगणातली द्राक्षवेल आणि मोठी कात्री दुसऱ्या मजल्यावरच्या मेतोदीला. वेल मी लावली, चढली मात्र त्याच्या बाल्कनीवरून. द्राक्षवेलींचा राखणदार संत त्रिफोन, त्याच्या दिवशी छाटायची, हे दोघांनाही मान्य. मी नव्या पंचांगाने एक फेब्रुवारी धरतो, तो जुन्याने चौदा. अकरा वर्षांपूर्वी मी एक तारखेला छाटली. चौदाला त्याने फुटव्यासाठी राहिलेले डोळेही उडवले. वर म्हणाला, “तू कुठे छाटलीस? नुसते केस विंचरलेस!” त्या वर्षी एक घड नाही, मधमाशी नाही. तेव्हापासून आम्ही बोललो नव्हतो. अट एकच: वर्षातून एकदाच छाटावी. तारखेवरून भांडायला मी नसेन.

काल तो साक्षीदार म्हणून सही करायला आपणहून आला. पहिल्या मजल्यावरच्या स्तामेनाबाई म्हणाल्या, “ज्याला मिळतं त्याला सही करता येत नाही.”

“मग मला काही देऊ नकोस,” मेतोदी म्हणाला, “सही करतो.”

मी म्हटले, “वेल घे. चौदालाच छाट.”

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “एक तारखेलाच छाटू. तू खाली खुर्चीत बसून शिव्या दे, मी शिडीवर चढतो.”

४. म्हणून कलम दोनला जोड: मी असो वा नसो, एक मार्चपर्यंत रुम्यानाचा निरोप आला नाही, तर पेटी मेतोदीची. तो कांदा नीट पेरेल, याची आता मला खात्री आहे. पण पोरी, तो तू पेरावास असे मला वाटते. येतेस की नाही, लवकर कळव.

साक्षीदार: स्तामेना ग्रोझेवा (सही)
ओग्न्यान पेयचेव, तिसरा मजला (सही)

वेलिच्को राडुलोव (सही)
प्लोव्दिव, २० जानेवारी