खालच्या दोन शेड

अव्वा, माझे आई, तू गेलीस तेव्हा मी सातवीत होतो, आणि आता गाणगापूरच्या तुझ्या बांगड्या-पावडरीच्या दुकानात तुझ्याच स्टुलावर बसतो. कॉलेज मधेच सोडलं. कामून सोडलं ते लोक हजार परीनं सांगतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस. गॅदरिंगला माझ्या वर्गातल्या एका मुलीला मेकअपवालीनं रंगवलं. पोरगी करजगीची, तुझ्यासारखी काळीसावळी. चेहरा राखेसारखा पांढुरका झालेला, मान मात्र तिची स्वतःची. मागून एकजण ओरडला, "हिला चुलीतून काढली काय रे?" मी त्याचं थोबाड फोडलं. प्राचार्य म्हणाले, माफी माग. मी म्हणलो, आधी त्या मेकअपवालीला मागू दे. तिथून जो निघालो, तो पुन्हा गुलबर्ग्याच्या बसमध्ये चढलो नाही. त्या पोरीला मी कधी काही बोललो नव्हतो. त्या एका ठोशात सगळं बोलून झालं असं मला वाटायचं.

तुझी एकच थप्पड आठवते. मी दहा वर्षांचा आहे, तू कुणाच्या तरी हातात बांगड्या चढवायलीस, आणि दर्शनाला आलेली एक बाई पावडर मागते. मी तिच्याकडं बघून म्हणतो, "तुमच्या रंगाची न्हाई." बाई हात मागं घेते. तू तिच्यासमोरच मला ठेवून देतेस. "रंग तिचा कमी पडायला का आपलं दुकान? आपल्याकडं न्हाई, असं म्हणायचं." मग दोन डब्यांतली पावडर खलात घोटतेस, चिमूटभर तांबडी काव टाकतेस, बाईच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून तिला दारातल्या उजेडात नेतेस. "दिसायली का?" "न्हाई की." "दिसली न्हाई म्हंजे हीच तुझी." पण अव्वा, तू गेल्यावर तुझ्या पेटीत एक डबी निघाली. सगळ्यांत गोरी, गुलाबीसर, मधोमध पत्रा दिसेपर्यंत झिजलेली. जगाला मनगट बघून देणारी तू, स्वतः ती कुणासाठी लावायचीस? अप्पांसाठी? त्यांनी कधी काही म्हणलं होतं का? त्यांना विचारलं तर उठून बाहेर जातात. माझा संशय जात नाही.

मागच्या महिन्यात ती करजगीची पोरगी दुकानात आली. "आपल्या रंगाची पावडर हाय का रे? तुझी अव्वा घोटून द्यायची म्हणं." तुझं प्रमाण मला येत नाही, तू कुणालाच सांगितलं नाहीस, त्याचाही मला राग आहे. मी पावडर कंपनीच्या एजंटाला धरलं. त्याच्या शेडकार्डावर वरच्या ओळी बोटं लागून मळलेल्या, आणि अगदी तळाशी दोन तपकिरी चौकोन, नवेकोरे. म्हणलो, ह्यातली आण. तो हसला. "खालच्या दोन शेड इकडं चालत न्हाईत, मालक. बायकांना गोरंच दिसायचं असतंय."

"तू आणलास कधी, म्हणून चालत न्हाई म्हणायलास?"

"कुणी मागितली कधी, म्हणून आणू?"

"आता मी मागायलोय ना!"

मला वाटतं कंपनी ते दोन चौकोन नुसते दाखवायला छापते. एजंट लिहून घेतच नाही. दुकानदार बायकांवर ढकलतो आणि बाया आपल्या कातड्यावर. कुणी आधी कुणाला नको म्हणलं, हे मी शोधायलो होतो. प्रत्येक जण मला चोर दिसायचा.

शेवटी शनिवारी एजंटानं एकच डबी आणून टाकली. मी ती गल्ल्याखाली पायाशी ठेवली, आणि तासाभरात ती पोरगी आली. "आली का रे? उद्या बघायला यायलेत, सोलापूरकडचे. राख फासून बसायचं न्हाई मला. जशी हाय तशीच दिसू दे त्यांना." बघायला यायलेत हे मला तेव्हा कळलं. जशी आहे तशी दिसली तर कोण नको म्हणेल, अव्वा? मी तर पहिल्याच दिवशी...

मी म्हणलो, "आपल्याकडं न्हाई." तुझंच वाक्य, तुझ्याच नरम आवाजात. ती "बरं" म्हणून गेली.

मंगळवारी पुन्हा आली, हिरव्या टिकल्यांचं पाकीट घ्यायला. रविवारी गुलबर्ग्याच्या पार्लरवालीनं तिला गॅदरिंगसारखंच रंगवलं होतं. नवऱ्या मुलाच्या आत्यानं सगळ्यांदेखत पदरानं तिचा गाल पुसला, म्हणाली, "लपवायलाव कामून?" पाहुणे चहा न घेता उठले. हे सगळं ती हसत हसत सांगत होती, टिकल्या मात्र एकही न बघता चाळत होती. जाताना म्हणाली, "तूच खरा निघालास बघ. न्हाई तर न्हाई म्हणलास. ती पार्लरवाली मात्र 'हाच तुझा रंग' म्हणून फासत होती."

ती गेल्यावर डबी उघडली. माझा आणि तिचा रंग एकच, हे तुला सांगायचं राहिलंच. मनगटाच्या आतल्या बाजूला लावली, दारातल्या उजेडात हात धरला. दिसली नाही.

हा कागद तुझ्या त्या झिजलेल्या डबीखाली ठेवतो. आपल्याकडं होती, अव्वा. तिला अजून सांगितलेलं नाही.