दुर्बिणीमागं चार बोटं

११ एप्रिल, शनिवार
कड्या मापाच्या न्हाईत. आधी हे लिहिते, बाकीचं मागनं. माझा लेक दिग्विजय रायफलीवर बसवायला दुर्बीण घेऊन आला, तीही कुणाची तरी वापरलेली, आन् तिला धरणाऱ्या कड्या आणल्या ढिल्या. बांगडी घेताना बाई हात पुढं करती, ह्यानं नुस्ता अंदाज केला.

आज शेळगाव सोडून पळसदेवला त्याच्या नव्या घरी राहायला आले. घर झकास हाय. ओट्यावरनं उजनीचं पाणी दिसतं, पाणी उतरलंय म्हणून जुन्या देवळाचं शिखरबी दिसतं. सून राजेश्वरीनं पुरणपोळी केली. पोळी जाड, पण मन लावून केलेली. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू काढून नवं भिंग बसवलंय. बारामतीचा डॉक्टर म्हणाला, रोज काय दिसलं ते वहीत लिहा. चौथीचं अक्षर हाय, वाचील तो वाचील.

१३ एप्रिल, सोमवार
डुकरं ऊस लोळवतात म्हणून रायफलीचा परवाना काढलाय. दिग्विजयला नेम कशाशी खातात ठावं न्हाय आन् दुर्बीण चोवीस पट मोठं दाखवणारी. मी म्हणलं, डुकराची एक मिशी बघून काय करशील? आख्खं जनावर दिसंल अशी छोटी घ्यायचीस. वालचंदनगरच्या क्वार्टरमधली एक बाई काढून टाकत होती म्हणून घेतली, म्हणाला. दुर्बीण तिच्या नवऱ्याची, मानसिंगची; तो कुठं हाय, हे ह्यानं विचारलं न्हाय.

नव्या कड्या आल्या, तर दुर्बिणीच्या आतली नेम धरायची फुली तिरकी. आमचे हे गवंडी होते. ट्रंकेतनं त्यांचा ओळंबा काढला, लिंबाला टांगला आन् फुलीची उभी रेघ दोरीवर येईस्तोवर दुर्बीण फिरवली. मग चारी स्क्रू आळीपाळीनं आवळले. डोळा आन् दुर्बीण यात चार बोटं जागा ठेव म्हणलं. शहाण्यानं एकच ठेवलं. पहिल्याच बाराला दणका बसला, दुर्बिणीची कड भुवईत घुसली. अर्धचंद्र कापला, आतलं हाड दिसलं. सात टाके पडले. मी दुर्बीण चार बोटं पुढं सारून दिली.

१५ एप्रिल, बुधवार
दिग्विजय म्हणतो, दुर्बिणीत बांधावरच्या बाभळीखाली एक माणूस पाठमोरा उभा दिसतो. डोळा काढला की कुणी न्हाय. मीबी बघितलं. हाय. पांढरा सदरा, कॉलर रक्तानं कडक झालेली.

दुपारी त्याच जागी डुक्कर आलं, दिग्विजयनं बार काढला. माणूस ओरडावा तसं ते ओरडलं. जाऊन बघितलं तर डुकरीण. गोळी पोटात, आतडी मातीत. पण भुवईवर अर्धचंद्र, आन् एक डोळा खोबणीच्या बाहेर लोंबत होता. तितं गोळी लागलीच नव्हती.

१६ एप्रिल, गुरुवार
मासे आणून देणारे बाबूलालभाई वालचंदनगरला निघाले होते, त्यांना मानसिंगची चौकशी करायला सांगितली. सांजच्याला येऊन म्हणाले, मानसिंग मेलाय. दुर्बीण डोळ्यातनं पार मेंदूत गेली. बायको म्हणाली, हाक कुणी मारली मला कळलं न्हाय, ह्यांनी ओ दिली ती ऐकली आन् लगेच बार झाला.

दुर्बिणीतला माणूस आज अर्धा वळलाय. आन् दिग्विजयला हाक येते. दिगू, दिगू. माझ्या आवाजात. मी तर तोंडात पान धरून बसलेले.

दुर्बीण काढून पाण्यात टाक म्हणलं. तोवर तीन हाका झाल्याबिगर ओ देऊ नको, भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी माणसाची. माझ्या आईनं मला शिकवलं, मी त्याला.

१७ एप्रिल, शुक्रवार
स्क्रू निघंनात. मीच आवळलेले. दिग्विजय रायफल रिकामी करून ओट्यावर पाना लावत बसला होता. मी आत, डोळ्यात थेंब घालून आडवी. राजेश्वरी चुलीपाशी. तिनं तिन्ही हाका ऐकल्या — माझ्या आवाजात — तिला वाटलं मीच. तिसरीला त्यानं ओ दिली. जेवायला बोलावल्यावर देतो तशी.

रिकाम्या रायफलीचा बार झाला.

दुर्बीण डोळ्यात — भिंतीवर सगळं — मी दोन्ही हातांनी ओढून काढली. चार बोटं आत गेली होती. मोजली.

१९ एप्रिल, रविवार
त्याला पाण्याकाठी जाळून आलो. रायफल, दुर्बीण पोलीस घेऊन गेले. सुटलो म्हणलं. पण उजवा डोळा मिटला की — डाव्याला, भिंगाच्या डोळ्याला — बाभळीखाली — पाठमोरा. दिगूचा सदरा.

२० एप्रिल, सोमवार. दुपार
वळला. भुवईवर सात टाके. खाली डोळा न्हाय.

हाक आली. दिगूच्या आवाजात. राजेश्वरीच्या नावानं —

दुसरी. ती म्हणते, तिसरी आली तर तेच असतील. उठतीया. मी पदर धरलाय. मी आत्ता तोंड उघडलं तर तीच ओ ठरंल, सांगणं अर्धं राहील, म्हणून वही तिच्यापुढं धरते —

राजे, वाच. तीन हाकांचं मी चुकीचं शिकवलं. त्या भुताला तीन मोजता येतात. ओ देईल त्यालाच ते नेतं. तू तोंडात पदर कोंब. तिसरी हाक तुझ्या नावाची आली तरी ओ मी द्यायची. तू न्हाय. मी —