अनीशच्या नावाचं पाकीट

सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय पायल,

प्रभूमध्ये सलाम. मंगळवेढ्याला तुझ्या माहेरी सगळे बरे असतील. तुझा निरोप येऊन तीन आठवडे झाले. नातेपुत्याच्या एका मास्तरांचं स्थळ आलंय, तुझ्या मनात आहे, पण आम्ही हो म्हटल्याशिवाय होकार देणार नाहीस, असं तू कळवलंस. मी रोज ते वाचते आणि फोन पालथा ठेवते. राग नाही गं. काहीच वाटत नाही, हीच अडचण आहे. माझ्या लेकाला, तुझ्या अनीशला जाऊन दीड वर्ष झालं. मी भाकरी थापते, देवळात जाते, गायनाच्या वेळी तोंड हलवते. प्रार्थनेला बसले की शब्द येतात, कारण ते पाठ आहेत. तरी एक रविवार चुकवला नाही. मम्मी तापातसुद्धा देवळाची वेळ चुकवत नाहीत, म्हणून तू चिडवायचीस. तेवढंच उरलंय बघ.

ह्या महिन्यात आपल्या चर्चला नवे पाळक आलेत. तरुण आहेत, भले आहेत, उपदेश मात्र लांबवतात. तुला आठवत असेल, दर जानेवारीत मी एका बैठकीला घरातल्या चौघांच्या वाढदिवसांची उपकारस्तुतीची पाकिटं, आत दान नि वर नाव-निमित्त, लिहून पवित्र शास्त्रात खोचून ठेवते. वर्षभराचे आभार आगाऊच मानून टाकता, म्हणून तू हसली होतीस. ह्या जानेवारीतही मी चार लिहिली. हाताला सवय. गेल्या रविवारी त्या आठवड्याचं पाकीट काढलं, न बघता अर्पणाच्या थैलीत टाकलं आणि चष्मा पुसत बसले.

पाळकांनी अनीशचं नाव वाचलं, वाढदिवस म्हणून सांगितलं आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, अनीशभाऊंनी उभं राहावं, आपण प्रार्थना करू. बायकांच्या बाजूला कुणी माझ्याकडे बघेना. उठून चूक झाली म्हणायला हवं होतं, पण मी चष्माच पुसत राहिले. तेव्हा पलीकडून, पुरुषांच्या बाजूनं, अनीशचे पपा उठले, गुडघा धरून, पुढच्या बाकाला टेकत. पाळकांना वाटलं, हेच अनीश. त्यांनी डोळे मिटून पपांसाठी दीर्घायुष्य मागितलं आणि सगळ्या मंडळीनं आमेन म्हटलं. मीही म्हटलं.

बाहेर आल्यावर देवळाची झाडलोट करणाऱ्या केराबाईनं माझा हात धरला. म्हणाली, "बाई, लाजू नगा. लिवलंय ते खोटं हाय व्हय? दिला हुताच की देवानं." मी मान हलवली. मग पपा नि मी सात रस्ता चौकाकडून घरी निघालो. तिथं अनीशच्या ऑफिसचा जिना आला की आम्ही खाली बघून पुढे जातो, कारण तो चढतानाच अनीश कोसळला. त्या दिवशी मात्र पपा तिथं थांबले, जिन्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, नाव घेतल्यावर कुणीतरी उभं राहायला पाहिजे ना. मग घरी येऊन जेवले आणि आडवे झाले.

आज देवळातून आल्यावर शास्त्र उघडलं. माझं नि पपांचं पाकीट वर्षाच्या सुरुवातीलाच गेलं, अनीशचं असं गेलं. तुझं ऑक्टोबरचं तेवढं राहिलंय. अनीशला का नेलं, ह्यावर मला देवाशी अजून धड बोलता येत नाही. पण तुझ्यासाठी आभार मानायला मला कुणी शिकवायला नको, ते मी जानेवारीतच लिहून ठेवलेत. पायल, त्या मास्तरांना होकार दे. तुझ्या पाकिटावरचा 'वाढदिवस' खोडून मी 'लग्न' लिहिलंय. तारीख ठरली की आदल्या रविवारी पाळक तुझं नाव वाचतील. पपांना मी सांगून ठेवलंय, ह्या वेळी तुम्ही बसून राहायचं. तू ये, आणि तू उभी राहा.

तुझीच,
मम्मी