माझ्या नावापुढचं ‘राखीव’

सर, तुमची शिट्टी अजून माझ्याकडे आहे. तुम्ही गेलात त्यानंतर महिन्याभराने काकूंनी मला देवळाली कॅम्पच्या घरी बोलावून घेतलं आणि शिट्टी, संघाची वही आणि उसवलेला एक हँडबॉल पिशवीत घालून दिला. ‘दुसरं कोण नेणार गं हे,’ म्हणाल्या. शिट्टी मी रोज वाजवते, कारण आता मीही मुलींना हँडबॉलच शिकवते. वही मात्र एकदाच उघडली, आणि तेव्हापासून तुम्हाला चार शब्द सुनावायचे राहिलेत.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. पेठकडच्या पाड्यावरून मी नाशिकच्या वसतिगृहात आले तेव्हा या खेळाचं नावही ऐकलं नव्हतं. फौजेतून निवृत्त होऊन तुम्ही आमच्या शाळेत खेळाचे सर झाला होतात, आणि माझे हात लांब म्हणून तुम्ही मला गोलमध्ये उभं केलंत. या खेळात गोलकीपरला हातमोजेही नसतात. समोरची मुलगी उडी मारून सहा मीटरवरून चेंडू हाणते आणि आपण हातपाय पसरून उभं राहायचं. ‘डोळे मिटले की गोल,’ एवढंच तुमचं शास्त्र. सरावाला मला शाळेच्या भिंतीला पाठ लावून उभं करायचात, मागे सरायला जागाच नको म्हणून. रविवारी मग घरी न्यायचात. स्वयंपाकघरात काकू भाकऱ्या थापतायत, मी पाटावर बसलेय, खरचटलेल्या गुडघ्यांना हळद लावलेली, आणि तुम्ही दारातूनच ओरडताय, ‘अजून एक वाढ तिला, गोल अडवायचाय!’ माझ्याकडे पायभर विजार नाही हे कळल्यावर तुम्ही तुमची फौजेतली ट्रॅकपँट दिलीत. काकूंनी ती कापून, नाडी घालून माझ्या मापाची केली. माझ्या बापाला तर मी खेळते हेही धड माहीत नव्हतं. तुमच्यावर इतका जीव लावला नसता तर पुढचं इतकं लागलंही नसतं.

राज्य स्पर्धेच्या आधी बाहेरगावचा एक संघ सराव सामना खेळायला आला होता. त्यांच्या डावखुऱ्या मुलीचा चेंडू माझ्या तोंडावर बसला आणि पुढच्या दाताचा टवका उडाला. तुम्ही तांब्याभर पाणी दिलंत, दात पाहिलात आणि म्हणालात, ‘डोळे मिटलेस.’ खरंच मिटले होते.

तीन-चार दिवसांनी फळ्यावर यादी लागली. जिल्ह्याचा संघ म्हणून आपल्याच शाळेचा संघ जाणार होता, आणि त्या स्पर्धेतून महाराष्ट्राचा संघ निवडणार होते. अक्षर तुमचं. माझं नाव सगळ्यात वर आणि त्यापुढे कंसात ‘राखीव’. दुसऱ्या गोलकीपरचं नाव खाली, तिच्यापुढे काही नाही. ‘राखीव म्हणजे बाकावर बसायचं गं,’ मागून कोणीतरी म्हणालं आणि दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. तुम्हाला विचारायला मी आले नाही. संघ निघाला त्या सकाळी मी पेठची एसटी धरली.

परत आले तोवर संघ पहिल्याच सामन्यात सपाटून मार खाऊन आला होता. भर मैदानात, सगळ्यांदेखत तुम्ही माझ्यावर ओरडलात, ‘भगोडी! पोस्ट सोडून पळालीस?’ फौजेत याहून मोठी शिवी नाही, हे तुम्हीच आम्हाला सांगितलेलं. मी खाली मान घालून उभी होते. ‘का गेलीस?’ एवढं विचारायला काय लागत होतं, सर? तुम्ही विचारलं नाहीत आणि मला पुन्हा कधी गोलमध्ये उभंही केलं नाहीत. महाराष्ट्राकडून खेळायचं राहिलं ते राहिलंच. पुढे मी शिकवायला लागले, बाकी काही येत नव्हतं म्हणून.

वहीत त्या वर्षीचं पान आहे. तुम्ही पट्टीने रकाने आखलेत: नाव, जागा, प्रवर्ग. माझी जागा, ‘गोलकीपर, पहिली’. प्रवर्ग, ‘राखीव’. वसतिगृहातल्या मुलीचा प्रवासखर्च मंजूर व्हायला कचेरीला ते लिहून हवं होतं, असं काकूंनी सांगितलं. संघात वसतिगृहाची मी एकटी. म्हणजे यादी फळ्यावर उतरवताना तुम्ही माझी जागा गाळलीत आणि जात उतरवलीत. बाकी सगळ्यांच्या रकान्यात ‘खुला’ आहे, ते मात्र फळ्यावर लिहायची गरज तुम्हाला वाटली नाही. काकू म्हणाल्या, ‘अगं, घाईत झालं असेल, त्यांच्या मनात तसलं काही नव्हतं.’ नसेलही. पण घाईतसुद्धा हात माझ्याच नावापुढे चालला ना? तुमच्या घरची भाकरी खाल्ली म्हणून मी हे गिळावं, असं काकूंना वाटतं. मला ते जमत नाही.

आता मी यादी लावते तेव्हा नावापुढे फक्त जागा लिहिते, आणि प्रत्येकीला फळ्यासमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावते. पोरी कंटाळतात. ‘मॅडम, कळलं हो!’ म्हणतात. मग मी त्यांना तुमची आणि माझी ही हकीगत सांगते. पोरींना तुमचा फार राग येतो, आणि तो आलेला मला आवडतो.

हे पत्र टाकायचं कुठे? वहीतच राहील. पण पोरींना सांगताना एक गोष्ट मी दर वेळी गाळते. त्या स्पर्धेत आमचा पहिला सामना त्याच डावखुऱ्या मुलीच्या संघाशी होता, हे मला आधीच कळलं होतं. फळ्यावर ‘राखीव’ वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं, सर. राग आला तो नंतर, पेठच्या एसटीत बसल्यावर.