तुरीचा दाणा आणि धुळ्याची गोळी

नाना, आज औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभी होती. नवऱ्याची चिठ्ठी पुढे करून तिनं हळूच विचारलं, "हिनं दारू सुटेल ना?" दुकानदार म्हणाला, "ही मनाची गोळी आहे ताई, ते डॉक्टरांनाच विचारा." मी गुडघ्याचं मलम घ्यायला गेले होते, ते तिथंच विसरून घरी आले. पन्नासेक वर्षांपूर्वी तुमच्याबरोबर धुळ्याच्या एस.टी.त बसले होते, तेव्हा माझ्याही मनात हाच प्रश्न होता.

तेव्हा दारूबंदी होती, पण तुम्हाला रोज संध्याकाळी कुठून तरी मिळायचीच. जळगावात कुणी पाहील म्हणून डॉक्टर धुळ्याचे. आईला वाचता येत नव्हतं आणि मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते, म्हणून सोबत मी. डॉक्टरांनी दारूबद्दल फारसं विचारलंच नाही. झोप लागते का, जेवण गोड लागतं का, सकाळी उठावंसं वाटतं का, असलंच. तुम्ही चपलांकडे बघत "नही, नही" म्हणत राहिलात. मग ते म्हणाले, "ही दारू सोडवायची गोळी नाही. आधी उदासी हलते का बघू." निघताना त्यांनी मला एकटीला थांबवलं. "तोंड कोरडं पडेल. फार त्रास झाला तर कळवा, गोळी बदलून देऊ."

आईला काही हे पटलं नाही. दारूवरची गोळी म्हणजे पोटात दारू गेली की उलटी, अशी तिची समजूत. आठवडाभर ती मोरीपाशी बादली ठेवून बसली. उलटी झाली नाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र तुम्ही उजेड असतानाच घरी येता, चुलीपुढे बसून स्वतः वांगी भाजता आणि आईच्या भरताला नावं ठेवता. ती रागावल्याचं दाखवते, पण तिचा पदर तोंडावर असतो. तो महिना मला अजून जसाच्या तसा आठवतो.

तुम्ही कामाला होतात त्या डाळमिलमध्ये मात्र घोटाळा झाला. तेलपाणी लावून गच्चीवर वाळत घातलेली तूर भरडायला कधी घ्यायची, ते तुम्ही दाणा चावून सांगायचात. मारवाडी शेठ तुमच्या दाताशिवाय यंत्र सुरू करू देत नसत. आता तोंडच कोरडं, तर दाण्याची ओल कळणार कशी? एक खेप ओलीच गेली, डाळ फुटायच्याऐवजी चेपली. शेठ ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, आज दाणा चावला नव्हता का?"

त्या रविवारी तुरीच्या नमुन्याच्या डब्यात मला तुमच्या न घेतलेल्या गोळ्या सापडल्या. तुम्ही दारात उभे होतात. म्हणालात, "तोंड कोल्लं पडस. दाना समजत नही, मंग मी काय कामना? तुनी मायले सांगू नको."

मी नाही सांगितलं. महिन्याभरात तुम्हाला पुन्हा संध्याकाळी उशीर व्हायला लागला. गोळी खोटी निघाली, असं आई शेवटपर्यंत म्हणत राहिली. सात वर्षांनी तुम्ही पोट फुगून गेलात.

आज घरी येऊन बसून वाचलं. मेंदूत सेरोटोनिन नावाचं काही असतं, त्यावर या गोळ्या चालतात. तुमची तशीच असावी, जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं म्हणतात. उदासी असणाऱ्याची दारू त्यांनी कधी कमी होते, कधी नाही, खात्रीनं कुणी सांगत नाही. मला फार जाणून घ्यायचंय, नाना. त्या महिन्यात तुम्हाला दारूची आठवणच येत नव्हती, की यायची आणि तुम्ही परतवून लावत होतात? की आई बादली घेऊन बसते याचीच लाज वाटली? तुम्हाला विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

आणि एक. डॉक्टरांचं ते वाक्य मी विसरले नव्हते. आज एवढं लांबलचक लिहिते आहे, त्या वेळी धुळ्याला एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर गोळी बदलून मिळाली असती. पण त्याआधी तुम्ही मला कधीच काही सांगितलं नव्हतं. ते गुपित फक्त आपल्या दोघांचं होतं, आणि मला ते आवडलं होतं.